यंत्र घ्यायला पैसे मिळतात, चालवायला कोण देतं?

बऱ्याच विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागात एनएमआर नावाचं एक यंत्र असतं. माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून मोठं, पिंपासारखं दिसणारं, आणि बाहेरून पाहिलं तर काहीच न करणारं. त्याच्या पोटात अतिवाहक तारेचं वेटोळं असतं. ते द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, बुडवून ठेवलेलं असतं. हेलियमभोवती द्रव नायट्रोजनचं आवरण. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो, एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि त्यातून अतिशय तीव्र चुंबकीय क्षेत्र तयार होतं. एखाद्या नव्या रेणूतले अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे त्या क्षेत्रात नमुना ठेवला की कळतं.

या चुंबकाला विश्रांती नसते. नायट्रोजन साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. सुट्टी असो, परीक्षा असो, वर्षअखेर असो, भरावाच लागतो. पातळी फार खाली गेली तर तारेचा एखादा भाग तापतो, अतिवाहकता जाते आणि साठलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. काही मिनिटांत हेलियमची वाफ होऊन ती उडून जाते. याला क्वेंच म्हणतात. चुंबक त्यातून वाचला तरी पुन्हा थंड करून उभा करायला बराच पैसा आणि वेळ जातो. कधी कधी चुंबक वाचतही नाही.

सरकारने अमुक विद्यापीठाला इतक्या कोटींचं अत्याधुनिक यंत्र दिलं अशी बातमी येते, तेव्हा तो आकडा चुंबकाचा असतो. हेलियमचा आकडा त्यात नसतो. विद्यापीठांच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी सुविधांना सरकार पैसे कसं देतं हे समजून घ्यायचं असेल तर या दोन आकड्यांमधली दरी आधी पाहावी लागते. सरकारी भाषेत यांना अनावर्ती खर्च आणि आवर्ती खर्च म्हणतात. अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा: इमारत, यंत्र. आवर्ती म्हणजे दरवर्षी पुन्हा येणारा: पगार, वीज, दुरुस्ती, हेलियम. पहिल्यासाठी योजना काढायला सरकारं उत्सुक असतात. दुसऱ्याशी आलं की घोडं पेंड खातं.

पण सरकारने हे पैसे द्यायचेच का? कंपन्या आहेत, देणगीदार आहेत. याचं आजही ज्याचा आधार घेतला जातो असं उत्तर १९४५ साली अमेरिकेत मांडलं गेलं. व्हॅनेवर बुश या अभियंत्याने युद्धकाळात अमेरिकेचं लष्करी संशोधन सांभाळलं होतं. युद्धानंतर काय, असं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना विचारलं. त्यांचा अहवाल जुलै १९४५ मध्ये आला तेव्हा रूझवेल्ट हयात नव्हते, तो ट्रूमन यांच्या हाती गेला. बुश यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूलभूत संशोधनातून नवं ज्ञान येतं, त्यावर उद्योग, आरोग्य आणि संरक्षण उभं राहतं, पण ते ज्ञान कधी आणि कुणाच्या उपयोगाला येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून कंपनी त्यात पुरेसा पैसा घालणार नाही. तो समाजाने एकत्र मिळून, म्हणजे सरकारने, घालावा आणि काम विद्यापीठांनी करावं. पाच वर्षांनी, १९५० मध्ये, विद्यापीठांतल्या संशोधनाला सरकारी पैसा देणारी अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. पुढच्या दशकांत अनेक देशांनी अशाच संस्था उभ्या केल्या.

यंत्रांच्या बाबतीत हा युक्तिवाद आणखी घट्ट बसतो. ग्राफीनची गोष्ट पुष्कळांना माहीत असते: २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलून एका अणूइतका जाड पापुद्रा, म्हणजेच ग्राफीन, वेगळा केला. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, महागडी यंत्रं लागतातच असं नाही. पण चिकटपट्टीवर जे उरलं ते खरंच एका अणूच्या जाडीचं आहे हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागले. त्याला विद्युतजोडण्या करून त्याचे गुणधर्म मोजायला अभियांत्रिकीची सगळी सामग्री लागली. ती सामग्री विद्यापीठात आधीपासून होती. ग्राफीनसाठी म्हणून ती कुणी आणली नव्हती. सुविधा हाताशी असणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पुढे ग्राफीनसाठी खास संस्था बांधली गेली, ६ कोटी १० लाख पौंडांची. ती २०१५ मध्ये सुरू झाली. त्यातले ३ कोटी ८० लाख ब्रिटिश सरकारचे होते, उरलेले युरोपीय संघाच्या विकास निधीतले.

आता पैसा येतो कुठून कुठून ते पाहू. सगळ्यात जुना मार्ग ठोक अनुदानाचा. सरकार विद्यापीठाला दरवर्षी एक रक्कम देतं आणि ती कशी वापरायची ते विद्यापीठ ठरवतं. दुसरा मार्ग स्पर्धेचा: संशोधक प्रस्ताव लिहितात, त्याच विषयातले जाणकार छाननी करतात आणि निवडक प्रस्तावांना पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये हे दोन्ही मार्ग जोडीने चालतात, त्याला तिथे दुहेरी आधार म्हणतात. कल्पना अशी की ठोक अनुदानातून छप्पर, वीज, ग्रंथालय आणि कायमची माणसं सांभाळायची आणि स्पर्धेतून मिळालेल्या पैशात ठरावीक संशोधन करायचं. कागदावर ही वाटणी सुरेख दिसते. प्रत्यक्षात ठोक अनुदानावर ताण आला की पहिली कात्री देखभालीला लागते, कारण छताची गळती पुढच्या वर्षावर ढकलता येते, पगार ढकलता येत नाहीत. अशी वर्षं साठत गेली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश विद्यापीठांच्या प्रयोगशाळा इतक्या जुनाट झाल्या, की सरकार आणि वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेला मिळून सुमारे ७५ कोटी पौंडांचा वेगळा निधी उभा करावा लागला.

इमारतींचा पैसा बहुधा लाटेसारखा येतो. अमेरिकेत डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या इमारतींना अनुदान आणि कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालयं धडाधड उभी राहिली. एकाच काळात बांधलेल्या इमारती एकाच काळात म्हाताऱ्या होतात. २००९ च्या मंदीत तिथल्या सरकारने अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी मोठं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा नॅशनल सायन्स फाउंडेशनला मिळालेल्या ३०० कोटी डॉलरपैकी २० कोटी डॉलर जुन्या संशोधन सुविधांच्या दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी राखले गेले. नवी इमारत बांधायला नाही, आहे ती नीट करायला. सरकारी योजनांत असा कलम दुर्मीळ असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रयोगशाळेची इमारत इतर इमारतींसारखी का नसते, हेही इथे सांगायला हवं. कार्यालयात आतली हवा थंड करून पुन्हा फिरवता येते. रसायनांच्या प्रयोगशाळेत तसं चालत नाही. धुराड्याच्या कपाटांतून, ज्यांना फ्यूम हूड म्हणतात, हवा सतत बाहेर ओढून टाकावी लागते आणि तिच्या जागी बाहेरून आलेली ताजी हवा दरवेळी नव्याने थंड किंवा गरम करावी लागते. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या स्वच्छ कक्षाचं गणित आणखी कडक असतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पाचव्या श्रेणीच्या कक्षात एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० हून जास्त चालत नाहीत. त्यासाठी कक्षातली हवा तासाला शेकडो वेळा गाळणीतून फिरवतात, तिथे कुणी काम करत असो वा नसो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तर शेजारच्या लिफ्टचाही त्रास होतो: तिच्या हलत्या लोखंडामुळे आणि मोटरमुळे चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि चित्र थरथरतं. म्हणजे यंत्र मंजूर झालं तरी ते ठेवायला जागा तयार करणं हा वेगळाच खर्च असतो. अनुदान देणारा पुष्कळदा तो विद्यापीठाच्या माथी टाकतो.

आता ओव्हरहेड, म्हणजे प्रकल्पाच्या रकमेशिवाय विद्यापीठाला मिळणारा वरखर्च. या विषयावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा, एका प्राध्यापिकेला प्रकल्पासाठी १०० रुपये लागतात. त्यात विद्यार्थ्यांची पाठ्यवेतनं, रसायनं, प्रवास हे सगळं आलं. पण ज्या खोलीत काम चालतं तिची वीज, पाणी, सुरक्षा, कचऱ्याची विल्हेवाट, हिशेब ठेवणारा लेखापाल, हे खर्च कुठल्याही एका प्रकल्पाच्या नावावर टाकता येत नाहीत. ते सगळ्या प्रकल्पांचे मिळून असतात. म्हणून अमेरिकेत सरकार आणि विद्यापीठ बसून एक दर ठरवतात. दर ५० टक्के असेल तर १०० च्या प्रकल्पामागे विद्यापीठाला ५० रुपये वेगळे मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, १५० पैकी ५० विद्यापीठाने खाल्ले. खरं तर त्या ५० चा मोठा भाग म्हणजे आपण वर पाहिलेली हवा, वीज आणि छप्पर.

गैरवापर झालेलाच नाही असं मी म्हणणार नाही. संशोधनाशी संबंध नसलेले खर्च यात दाखवल्याचं नव्वदच्या सुरुवातीला उघडकीला आलं, आणि १९९१ मध्ये अमेरिकी सरकारने ओव्हरहेडच्या प्रशासकीय भागावर २६ टक्क्यांची मर्यादा घातली. इमारत आणि सुविधांच्या भागावर मात्र मर्यादा घातली नाही. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, एनआयएचने, सगळ्यांसाठी ओव्हरहेडवर सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. आधीची सरासरी त्यांच्याच सांगण्यानुसार २७-२८ टक्के होती, काही विद्यापीठांचा दर ६० च्या वर होता. न्यायालयाने तो निर्णय अडवला. त्या वादात पुष्कळांनी ओव्हरहेड म्हणजे बाबूगिरीचा खर्च असं गृहीत धरलं होतं. प्रयोगशाळेचं बिल त्यात असतं हे फार थोड्यांनी बोलून दाखवलं.

यातला खरा पेच मात्र यंत्रांशी येतो. अमेरिकी नियमानुसार ओव्हरहेड मोजताना ठरावीक किमतीवरची यंत्रं हिशेबातून वगळतात. १०० च्या प्रकल्पात ४० चं यंत्र असेल तर दर उरलेल्या ६० वर लागतो, म्हणजे ५० ऐवजी ३० मिळतात. यामागे तर्क आहे: महागडं यंत्र घेतलं म्हणून लेखापालाचं काम त्या प्रमाणात वाढत नाही. पण वीज, जागा आणि देखभाल मात्र वाढते. शिवाय सरकारी पैशातून घेतलेल्या यंत्राचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, विद्यापीठाला पुन्हा सरकारकडून मागता येत नाही. एकाच वस्तूचे पैसे दोनदा द्यायचे नाहीत, हेही रास्त. दोन्ही नियम स्वतंत्रपणे बरोबर आहेत, आणि एकत्र आले की दहा वर्षांनी जुनं यंत्र बदलायला पैसा कुठेच साठलेला नसतो. विद्यापीठ पुन्हा प्रस्ताव घेऊन रांगेत.

ब्रिटनने २००५ पासून निराळी पद्धत धरली. प्रकल्पाची पूर्ण किंमत काढायची, त्यात इमारत आणि यंत्रांचा वाटाही धरायचा, आणि सरकारी संशोधन परिषदांनी साधारणपणे त्याच्या ८० टक्के द्यायचे. उरलेले २० टक्के विद्यापीठाने आणायचे. हिशेब प्रामाणिक झाला, पण जितकं जास्त संशोधन तितका जास्त तोटा अशी अवस्था झाली. तो तोटा बऱ्याच अंशी परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरला जातो. विद्यार्थी कमी झाले की प्रयोगशाळा हादरते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसायला हवा होता.

मला सगळ्यात पटणारं उत्तर कॅनडाचं आहे. १९९७ मध्ये तिथल्या सरकारने ८० कोटी कॅनेडियन डॉलर देऊन केवळ संशोधन सुविधांसाठी एक संस्था स्थापन केली, कॅनडा फाउंडेशन फॉर इनोव्हेशन. ती प्रकल्पाच्या ४० टक्क्यांपर्यंत पैसे देते. बाकीचे प्रांतांनी आणि इतर भागीदारांनी आणायचे. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की यंत्रं येत आहेत, पण ती चालवताना विद्यापीठांची दमछाक होते आहे. म्हणून मंजूर यंत्राच्या आपल्या वाट्याच्या ३० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम केवळ चालवणं आणि देखभाल यासाठी देण्याची सोय केली. ती रक्कम पुरते असं नाही. पण यंत्र देणाऱ्याने ते चालवण्याचीही जबाबदारी घ्यावी, हे तिथे नियमात लिहिलेलं आहे.

भागीदारांच्या वाट्याची अट पुष्कळ देशांत असते. जर्मनीत विद्यापीठं राज्यांच्या अखत्यारीत येतात, तरी राज्यघटनेच्या ९१ब या कलमाने केंद्र आणि राज्यांना विज्ञानासाठी एकत्र पैसे घालता येतात. संशोधन इमारती आणि मोठी यंत्रं यांचा खर्च दोघं निम्मा-निम्मा उचलतात. अमेरिकेतल्या मोठ्या यंत्रांच्या योजनेत पीएचडी देणाऱ्या विद्यापीठांना बरीच वर्षं ३० टक्के वाटा स्वतः घालावा लागत असे. अटीमागचा हेतू चांगला: ज्याचे पैसे अडकलेत तो यंत्र सांभाळेल. पण ज्या विद्यापीठाकडे ३० टक्के नाहीत ते प्रस्तावच लिहीत नाही. श्रीमंत विद्यापीठाला यंत्र मिळतं, यंत्रामुळे चांगले संशोधक येतात, त्यांच्यामुळे पुढचं यंत्र मिळतं. याला तोड म्हणून नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८० मध्ये निधीत मागे पडलेल्या पाच राज्यांसाठी वेगळी योजना सुरू केली. आर्कान्सॉ, मेन, माँटाना, साउथ कॅरोलायना आणि वेस्ट व्हर्जिनिया ही ती राज्यं. गुणवत्तेनुसार द्यायचं की सगळीकडे पोचवायचं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला तो खोटा वाद वाटतो. चांगल्या यंत्रापासून फार लांब राहणाऱ्या विद्यार्थ्याची गुणवत्ता मोजायची तरी कशावर?

म्हणूनच यंत्रं वाटून वापरण्याच्या प्रयत्नांना मी फार महत्त्व देतो. प्रत्येक विभागाने आपापला सूक्ष्मदर्शक घेऊन कुलूपबंद ठेवण्यापेक्षा एक मध्यवर्ती सुविधा असावी, तिथे प्रशिक्षित माणसं असावीत आणि बाहेरच्यांनाही वेळ मिळावा. भारतात सत्तरच्या दशकापासून प्रादेशिक उपकरण केंद्रं याच विचाराने सुरू झाली, आणि २०२० मध्ये आय-स्टेम हे राष्ट्रीय संकेतस्थळ आलं, जिथे सरकारी पैशातून घेतलेली यंत्रं कुठे आहेत ते पाहून वेळ मागता येतो. अडचण येते ती दराची. तासाचा दर खऱ्या खर्चाइतका ठेवला तर विद्यार्थ्यांना परवडत नाही. कमी ठेवला तर हेलियमला पैसे उरत नाहीत. मधला फरक कुणीतरी कायमचा भरायला हवा, आणि तो भरण्यासाठी योजना काढली तर तिची बातमी होत नाही.

माणसांचं काय? यंत्राच्या प्रस्तावात किंमत असते, हमीची मुदत असते, जागेचा नकाशा असतो. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार तीन वर्षांपलीकडे क्वचितच दिसतो. विद्यार्थी असताना आमच्या विभागात एका सूक्ष्मदर्शकाची नस न् नस ओळखणारे एक गृहस्थ होते. निर्वात पंपाच्या आवाजावरून ते बिघाड सांगत. ते निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि वर्षभरात यंत्रावर कापड पडलं. कागदोपत्री ते चालूच होतं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून विद्यापीठं आणि संशोधन संस्था तंत्रज्ञांना मान, ओळख आणि बढतीची वाट देण्याचं जाहीर वचन देऊ लागल्या आहेत. त्यात सरकारचा पैसा फारसा नाही, पण तंत्रज्ञ हाही सुविधेचाच भाग आहे हे मान्य होणं मोठंच आहे.

दीर्घकाळ पैसा देत राहणं कसं दिसतं, हे पाहायचं तर लायगो पाहावं. गुरुत्वीय लहरी, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशात उठणारे तरंग, टिपणाऱ्या या दोन वेधशाळा कॅलटेक आणि एमआयटी या दोन विद्यापीठांनी उभारल्या, पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशनचा. २००२ ते २०१० या काळात त्यांनी निरीक्षणं घेतली आणि एकही लहर सापडली नाही. आठ वर्षं निर्वात नळ्या सांभाळल्या गेल्या, लेसर जुळवले गेले, तंत्रज्ञांचे पगार झाले, हाती मात्र शून्य. तरी पैसा थांबला नाही. उलट उपकरणं सुधारायला आणखी २० कोटी डॉलरहून जास्त दिले गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला, नियोजित निरीक्षणं सुरू व्हायला काही दिवस असताना, चाचणी म्हणून दोन्ही उपकरणं चालू ठेवलेली होती. दोनपैकी एक वेधशाळा जिथे आहे त्या लिव्हिंग्स्टनमध्ये तेव्हा पहाटेचे पाच वाजायला दहा मिनिटं होती. एक अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांची लहर पृथ्वीवरून गेली. ती उपकरणांत सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागापुरती उमटली.